किती घरांचे पाये खणले गेले?

महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस आला की रनिंग रूममध्ये, टीएक्सआरच्या खोलीत आणि पोस्टाच्या सॉर्टिंग हॉलमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : निर्देशांक किती आला? लेबर ब्युरोने औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा आकडा जाहीर केला की बारा महिन्यांची सरासरी, तिच्यावरून महागाई भत्त्याचा टक्का आणि टक्क्यावरून पगारात पडणारी भर, हे सारे गणित आपला ट्रॅकमन आणि पोस्टमन तोंडी करून मोकळा होतो. हे अर्थशास्त्र आपल्याला कोणत्या कॉलेजाने शिकवलेले नाही. ते भाकरीने शिकवले.

परंतु किंमत निर्देशांक हा झालेल्या गोष्टीचा हिशेब आहे. महागाई होऊन गेली, त्याची भरपाई किती, एवढेच तो सांगतो. पुढल्या वर्षी आपल्या पोरांना काम मिळेल का, मालगाडीला माल मिळेल का, चावडीवर उभ्या राहणाऱ्या रेजा-कुलींना हाक येईल का, हे तो सांगत नाही. ते आधी सांगणारा दुसरा एक आकडा आहे आणि त्याकडे आपल्या चळवळीचे लक्ष फारसे गेलेले नाही. देशात या महिन्यात किती नव्या घरांचे पाये खणले गेले, हा तो आकडा. अर्थशास्त्री त्याला गृहबांधणी-प्रारंभाचा आकडा म्हणतात. हा आकडा कामगारांनी मागितला पाहिजे, वाचला पाहिजे आणि त्याच्या आधारे सरकारला प्रश्न विचारले पाहिजेत, असे आमचे मत आहे. या अंकात आम्ही ते सविस्तर मांडत आहोत.

दुसरीकडे हा आकडा कसा मोजतात

अमेरिकेत तिथले जनगणना खाते १९५९ सालापासून हा आकडा दर महिन्याला देत आले आहे. त्याचा नियम साधा आहे. पायासाठी खोदकाम सुरू झाले की घर सुरू झाले. नकाशा मंजूर झाला, जाहिरात लागली, नारळ फुटला, याने घर सुरू होत नाही. जमिनीत कुदळ पडली पाहिजे. वीस बिऱ्हाडांची इमारत असेल तर तिची एक इमारत न धरता वीस घरे धरतात. महिन्याचा आकडा वर्षाच्या वेगात मांडतात, म्हणजे याच गतीने काम चालले तर वर्षाला किती घरे होतील ते सांगतात.

आता या आकड्याची ताकद पाहा. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतला हा वेग वर्षाला सुमारे २२ लाख ७० हजार घरांचा होता. तिथून तो उतरू लागला. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली ती सप्टेंबर २००८ मध्ये. म्हणजे जगाला मंदी दिसली त्याच्या अडीच वर्षे आधी खोदकामाच्या आकड्याने मान टाकली होती. एप्रिल २००९ मध्ये हा वेग पावणेपाच लाखांच्या आसपास आला. पाच घरांपैकी चार घरे सुरूच झाली नाहीत, असा त्याचा अर्थ.

त्याआधीचे उदाहरण आमच्या पोस्टातील बांधवांना विशेष वाटेल. १९७८ साली अमेरिकेत २० लाखांवर घरे सुरू झाली होती. पुढे महागाई मोडण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजाचे दर आभाळाला नेले. १९८२ साली सुरू झालेल्या घरांची संख्या जवळपास निम्म्यावर, साडेदहा लाखांच्या आसपास आली. तेव्हा घरे बांधणाऱ्यांनी निषेध कसा केला? ज्या लाकडी पट्ट्यांनी घर उभारायचे, त्यांचे तुकडे त्यांनी टपालाने बँकेकडे पाठवले. लाकूड पडून आहे, ते तुम्हीच घ्या, असा त्याचा भावार्थ. व्याजाचा दर कागदावर बदलतो आणि त्याचा मार सुतार-गवंड्याच्या हातावर बसतो, हे त्या लाकडाने सांगितले.

आपल्याकडेही व्याजाची ही दोरी तशीच आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला आणि २०२५ सालात टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांवर उतरला. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी कर्जाचा हप्ता किती रुपयांनी वाढला वा कमी झाला ते छापले. त्यामुळे किती घरांचे खोदकाम थांबले आणि किती मजूर घरी बसले, हे मात्र छापून आले नाही. हप्ता भरणारा मोजला जातो, घमेले उचलणारी मोजली जात नाही.

गोल बाजारापासून मालधक्क्यापर्यंत

एक घर सुरू झाले म्हणजे काय काय हलते, हे पाहायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आमच्या रायपूरचा गोल बाजार पुरे आहे. मसाले, किराणा, भांडी, कापड आणि पूजेचे साहित्य यांचा हा जुना बाजार. नवे घर बांधायचे तर पहिली खरेदी सिमेंटची नसते. नारळ, लाल कापड, कलश, पायात ठेवायची चांदीची नागाची जोडी, ही पहिली खरेदी. आणि त्यासाठी माणूस गोल बाजारात येतो. घर पुरे झाले की वास्तुशांतीचे सामान आणि नव्या स्वयंपाकघराची भांडी घ्यायला तो पुन्हा याच बाजारात येतो. या दोन खरेद्यांच्या मधले जे महिने, त्यात शेकडो हातांचे पोट भरते. आधी खोदकाम करणारे, मग गवंडी आणि रेजा, मग सळई बांधणारे, सेंट्रिंगवाले, मग सुतार, नळजोडणीवाले, वीजवाले, फरशीवाले आणि शेवटी रंगारी. पायाभरणीचे सामान विकणारा दुकानदार यंदा मंदी आहे म्हणाला, तर सहा महिन्यांनी सुताराचे आणि वर्षाने रंगाऱ्याचे काम कमी होणार, हे निश्चित समजावे. आकडा आधी बोलतो तो या कारणाने. एका घराची सुरुवात हे पुढल्या वर्षभराच्या कामाचे वचन असते. सुरुवातच झाली नाही, तर पुढली सारी कामे न बोलता रद्द होतात.

आता मालधक्क्यावर या. रायपूर-बिलासपूर मार्गावर बैकुंठ, तिल्दा, हथबंध, भाटापारा ही स्थानके आणि त्यांच्या आसपासचा बलौदाबाजारकडचा चुनखडीचा पट्टा हे देशातले सिमेंटचे मोठे आगर आहे. रायपूरला लागून उरला आणि सिलतरा इथे लोखंडी सळईच्या मिला आहेत. पश्चिमेला भिलाईचा पोलाद कारखाना आहे. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पेटली. हा सारा माल रूळांवरून जातो. २००३ साली बिलासपूर मुख्यालयाची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली आणि त्यात रायपूर विभाग झाला, तो या मालाच्या भरवशावर. कोळसा आणि लोहखनिज हे त्यातले मोठे भाऊ खरे. पण सिमेंट आणि सळई यांचाही वाटा आहे आणि त्या वाट्याची नाळ घरांशी जोडलेली आहे.

हिशेब करून पाहू. बीसीएनएचएल जातीच्या ५८ डब्यांच्या एका रेकमध्ये ढोबळ मानाने ४,००० टन सिमेंट जाते, म्हणजे ५० किलोची ८०,००० पोती. मिस्त्रींचा अंदाज असा की बांधकामाच्या एका चौरस फुटाला पोत्याचा चार-दशांश भाग लागतो. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला सुमारे २४० पोती. या हिशेबाने एका रेकमध्ये सुमारे ३३० लहान घरांचे सिमेंट असते. ३३० घरे सुरू झाली नाहीत, तर एक रेक कमी. तो रेक कमी झाला की भरणारे हमाल, तपासणारे टीएक्सआर, चालवणारे लोको पायलट आणि गार्ड, उतरवणारे हमाल आणि तिथून पोती वाहून नेणारे ट्रकवाले, सर्वांच्या कामाला तेवढी कात्री लागते. प्रशासन मग कमी लोडिंगचा दाखला देऊन जागा गोठवते आणि आपण जागा का गोठल्या यावर निवेदने लिहीत बसतो. लोडिंग का घटले, हा प्रश्न सहा महिने आधी विचारता आला असता.

पोस्टाच्या बांधवांचीही यात साक्ष आहे. शहराच्या कडेला नवी वस्ती उभी राहिली की नवे पत्ते सर्वांत आधी पोस्टमनच्या पिशवीत येतात. बीट लांबते, घरे वाढतात आणि माणसे तेवढीच राहतात. सुरू झालेल्या घरांचा आकडा वस्तीनिहाय हाती असेल, तर दोन वर्षांनी कोणत्या बीटवर किती बोजा पडणार, हे आजच सांगून जादा पोस्टमनची मागणी पुराव्यानिशी करता येईल.

मात्र एक खबरदारी हवी. सिमेंट केवळ घरांना लागत नाही. रस्ते, पूल, कालवे, कारखाने यांनाही लागते. सरकार दर महिन्याला आठ पायाभूत उद्योगांचा जो निर्देशांक देते, त्यात सिमेंट आणि पोलाद आहेत. परंतु ते सिमेंट उड्डाणपुलात गेले की मजुराच्या घरात, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच घरांचा आकडा वेगळा हवा.

अक्ती, पाऊस आणि धानाची लावणी

एका महिन्याच्या आकड्याने हुरळून जाऊ नये आणि घाबरूही नये. आमच्या भागात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे इथल्या लोकांच्या अक्तीला, मुहूर्त पाहून कितीतरी पाये खणले जातात. आषाढात पाऊस लागला की खोदकाम थांबते; शिवाय छत्तीसगढचा मजूर हा आधी शेतकरी आहे, तो धानाच्या लावणीला गावी जातो. चातुर्मासात शुभकार्य नाही. प्रबोधिनी एकादशीनंतर पुन्हा हालचाल सुरू होते, तर डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इथले लोक खरमास पाळतात. मे महिन्याशी ऑगस्टची तुलना केली तर दरवर्षीच मंदी आलेली दिसेल. म्हणून मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशी करावी, किंवा हंगामाचा परिणाम काढून टाकून आकडा मांडावा. तीन-चार महिने सलग घसरण दिसली तर सावध व्हावे. आमच्या शेतकरी-मजुराला हे समजावून सांगावे लागत नाही. एका दिवसाच्या पावसावर तो हंगाम ठरवीत नाही.

आपल्या देशात काय आहे, काय नाही

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली एक तांत्रिक सल्लागार गट नेमला गेला आणि घरांच्या प्रारंभाचा निर्देशांक कसा काढावा, यावर त्या गटाने २००९ साली अहवाल दिला. पुढे निवडक शहरांच्या बांधकाम परवान्यांवरून असा निर्देशांक तयारही करण्यात आला. पण महागाईचा आकडा जसा घराघरात पोचला, तसा हा पोचला नाही.

त्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत कुदळ मोजतात. आपल्याकडे परवाना मोजला गेला. परवाना मिळाला म्हणजे घर सुरू झाले असे नाही; कर्ज अडकते, भाऊबंदकी निघते, बिल्डर भाव वाढण्याची वाट पाहतो. उलट, गरीब माणूस परवान्याविनाच दोन खोल्या बांधतो. झोपडपट्टीत, शहराच्या कडेच्या गावात, रेल्वेलाइनच्या बाजूला जी घरे उठतात ती कोणत्याच वहीत नसतात. म्हणजे परवान्याचा आकडा श्रीमंताचे न बांधलेले घर मोजतो आणि गरिबाचे बांधलेले घर सोडून देतो.

राष्ट्रीय आवास बँकेचा रेसिडेक्स नावाचा निर्देशांक २००७ सालापासून आहे आणि त्यात रायपूरही आहे. पण तो घरांच्या किमतीचा आहे, संख्येचा नाही. २०१६ च्या रेरा कायद्याखाली ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पांची नोंदणी होते. पण स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर बांधणारा त्यात येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, मैदानी प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य हप्त्यांनी मिळते आणि प्रत्येक टप्प्याला घराचा फोटो जागेच्या खुणेसह चढवावा लागतो. म्हणजे बैगापाड्यातल्या गरिबाने पाया खणला की नाही, हे सरकार फोटो काढून तपासते. मग शहरातल्या बड्या बिल्डरने पाया खणला की नाही, हे दर महिन्याला मोजून जाहीर करणे अशक्य कसे? माहिती आहे, ती वेगवेगळ्या कपाटांत कुलूपबंद आहे. कपाटे उघडून ती एका टेबलावर मांडण्याची इच्छा नाही, एवढेच.

घर सुरू झाले; पण कोणाचे?

आकडा वाढला म्हणजे सर्व आलबेल, असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. २०१२ साली, पुन्हा प्रा. कुंडू यांच्याच अध्यक्षतेखालील गटाने देशाच्या शहरांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची टंचाई असल्याचे सांगितले. त्यातली जवळपास ९५ टक्के टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. एका बाजूला माणसे घराविना, दुसऱ्या बाजूला घरे माणसांविना. घरे सुरू होत होती, वरच्यांसाठी. अडचण होती खालच्यांना.

मराठी कामगाराला हे पुस्तकातून वाचायची गरज नाही. मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी मोकळ्या झाल्या. १९९१ च्या विकास नियमांत त्या जमिनींचे वाटप ठरले आणि २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक कामांचा आणि घरांचा वाटा आटला. भोंगे थांबले त्या जागी टोलेजंग मनोरे उभे राहिले. त्या वर्षांत मुंबईत सुरू झालेल्या घरांचा आकडा काढला असता, तर तो मोठा दिसला असता आणि अर्थव्यवस्था जोरात आहे असे कोणी म्हणालाही असता. पण गिरणी कामगारांच्या घरांसाठी २०१२ साली म्हाडाची सोडत निघाली, तेव्हा घरे सुमारे सात हजार आणि अर्जदार दीड लाखाच्या घरात होते. म्हणून आमची मागणी नुसत्या आकड्याची नाही. किती घरे सुरू झाली, त्यांतली ३० चौरस मीटरपर्यंतची किती, ६० पर्यंतची किती आणि त्याहून मोठी किती, हे तिन्ही रकाने वेगळे दिसले पाहिजेत. शिवाय सुरू झालेली, पुरी झालेली आणि कुटुंब राहायला गेलेली, असे तीन आकडे शेजारी शेजारी असले पाहिजेत. पहिला आकडा कामाचा, दुसरा वचन पाळल्याचा आणि तिसरा छपराचा.

उपकराची वही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली दोन कायदे झाले : एक नोकरीच्या अटींचा, दुसरा कल्याण उपकराचा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून मजुराला अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपण यांसाठी साहाय्य द्यायचे. जिथे नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो तिथे अर्जासोबतच उपकर भरायचा, असा १९९८ च्या नियमांत दंडक होता. म्हणजे उपकराची वही हीच खरे तर सुरू होणाऱ्या घरांची वही. किती घरे सुरू झाली ते कळले, तर किती उपकर जमायला हवा होता ते कळते. आणि त्या घरांवर किती मजूर राबले असतील, त्यांतल्या किती जणांची नोंदणी झाली, हेही विचारता येते. प्रारंभाचा आकडा असा मजुराच्या हक्काचा ताळेबंद होतो.

हा ताळेबंद नसला की काय होते ते २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात उघड झाले. देशभरात ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक उपकर जमला होता आणि मजुरांवर खर्च झाले होते साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. मजुराच्या नावाने जमलेला पैसा मजुरापर्यंत गेलाच नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. एप्रिल ते जूनच्या त्या तिमाहीत बांधकाम क्षेत्राचे उत्पादन पहिल्या सरकारी अंदाजानुसार निम्म्याने घटले. त्या घटीचा चेहरा आम्ही रेल्वे कामगारांनी पाहिला आहे. १ मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुटल्या. त्या चालवल्या आपल्या लोको पायलटांनी, त्यांना झेंडी दिली आपल्या स्टेशन मास्तरांनी. आणि त्यांतून उतरले ते दूरच्या शहरांत घरे बांधणारे छत्तीसगढचे गवंडी, रेजा आणि त्यांची लेकरे. दुसऱ्यांचे पाये खणणाऱ्यांच्या पायाखाली जमीन नव्हती. त्यांना कोणी नोटीस दिली नव्हती, कोणी भरपाई दिली नाही. बांधकामावरचा मजूर कामावरून काढला जात नाही. त्याला उद्या बोलावले जात नाही, एवढेच.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या गेल्या. १९९६ च्या कायद्यांची जागा संहितांनी घेतली. जुन्या कायद्यात स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले १० लाख रुपयांपर्यंतचे घर उपकरातून मोकळे होते. सामाजिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली. घर बांधणाऱ्या नोकरदाराला हा दिलासा वाटेल आणि आपल्यातल्या पुष्कळांची घरे याच मर्यादेत बसतात, हे आम्ही जाणतो. परंतु ४० लाखांच्या घरावर राबणारी रेजा ही ६० लाखांच्या घरावर राबणाऱ्या रेजेपेक्षा कमी मजूर आहे काय? तिच्या विटांचे ओझे हलके आहे काय? लहान शहरांतली बहुसंख्य घरे याच मर्यादेच्या आतली असतात. ती उपकराच्या वहीतून गेली, की मोजणीतूनही जातात. आणि जे मोजले जात नाही त्याचा हक्क मागता येत नाही. आम्हाला घरमालकावर बोजा नको, पण मजुराची नोंद हवी. उपकर माफ करायचा असेल, तर ती भरपाई सरकारने आपल्या तिजोरीतून करावी.

आपल्याला याचे काय?

काही साथी विचारतील, आपण पक्के नोकरदार, आपल्याला चावडीचे काय? याला आमचे उत्तर असे.

पहिली गोष्ट, आपल्याच खात्यांत किती काम कंत्राटावर गेले ते डोळ्यांनी पाहावे. स्टेशनची डागडुजी, क्वार्टर्सची दुरुस्ती, नव्या लाइनीचे मातीकाम करणारा मजूर हाच चावडीचा मजूर आहे. चावडीवर काम नसले की तो मिळेल त्या रोजावर कंत्राटदाराकडे येतो आणि आपल्या पक्क्या जागांची किंमत त्या रोजाने ठरवली जाते. चावडीचा भाव पडतो, तेव्हा आपलाही पडतो.

दुसरी गोष्ट घरभाड्याची. आपल्या किंमत निर्देशांकाच्या २०१६ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत घराचा भार १६.८७ टक्के धरला आहे आणि घरभाड्याची पाहणी सहा महिन्यांनी होते. लहान घरे सुरू होणे थांबले, की दोन वर्षांनी भाडी चढतात. रायपूर हे वाय वर्गातले शहर. इथे घरभाडे भत्ता २०१७ साली १६ टक्के, जुलै २०२१ पासून १८ आणि जानेवारी २०२४ पासून २० टक्के झाला. पण तो वाढला महागाई भत्त्याच्या टप्प्यावर, इथल्या भाड्याच्या टप्प्यावर नव्हे. भाडे का वाढते याचे मूळ घरांच्या टंचाईत आहे, हे आकड्यांनी दाखवता आले, तर वेतन आयोगापुढे आपली बाजू भक्कम होईल.

तिसरी गोष्ट, आपले स्वतःचे घर. २०१७ च्या नियमांनी घरबांधणी अग्रिमाची कमाल मर्यादा २५ लाख रुपये किंवा ३४ महिन्यांचे मूळ वेतन, यांत जे कमी ते, अशी ठरली. त्यानंतर सिमेंट, सळई, रेती, गिट्टी आणि जमीन कुठल्या कुठे गेली. किती कर्मचाऱ्यांनी अग्रिम मागितला, किती जणांनी तो घेऊन पाया खणला आणि किती जण जोत्यापर्यंत येऊन अडकले, याचा आकडा आपल्याही खात्यांनी दिला पाहिजे.

आणि कोणी म्हणेल की राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे सरकार देतेच. ते तिमाहीचे असतात, तिमाही संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी येतात आणि पुढे बदलतात. तोवर चावडीवरचा माणूस गाव सोडून गेलेला असतो.

आमच्या मागण्या

१. केंद्र सरकारने नव्या घरांच्या प्रत्यक्ष बांधकाम-प्रारंभाचा आकडा दर महिन्याला, ठरल्या तारखेला, राज्य आणि शहरवार जाहीर करावा. परवान्यावर न थांबता प्रत्यक्ष खोदकामाची नमुना पाहणी करावी आणि गावे व झोपडवस्त्याही तिच्यात घ्याव्यात.

२. हा आकडा घरांच्या आकारानुसार वेगळा द्यावा. आणि सुरू झालेली, पूर्ण झालेली व वस्ती झालेली घरे यांची संख्या शेजारी द्यावी.

३. त्याच पत्रकात जमा झालेला कल्याण उपकर, झालेला खर्च आणि नोंदणी झालेल्या मजुरांची संख्या छापावी.

४. ५० लाखांपर्यंतच्या घरांवर राबणाऱ्या मजुरांची नोंदणी आणि त्यांच्या लाभाची सोय सरकारी निधीतून करावी.

५. घरबांधणी अग्रिमाची मर्यादा आजच्या बांधकाम खर्चाशी जोडावी आणि रेल्वे व टपाल खात्यांनी अग्रिमाचे वार्षिक आकडे मान्यताप्राप्त संघटनांना द्यावेत.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आपण हात बांधून बसू नये. प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. आपापल्या वॉर्डात या महिन्यात किती ठिकाणी खोदकाम सुरू झाले, किती ठिकाणी ते अर्धवट बंद आहे, चावडीवर सकाळी नऊनंतर किती माणसे कामाविना उरतात आणि रोज काय चालला आहे, एवढे चार रकाने पुरेत. हे सारे रस्त्यावरून दिसते. कार्यालयाचा कोणताही कागद किंवा नोंद बाहेर काढण्याची गरज नाही आणि कोणी काढूही नये. रेल्वेचा कामगार सुटीच्या दिवशी एक वॉर्ड फिरला आणि निवृत्त पोस्टमनने आपली जुनी बीट एकदा पायाखाली घातली, तरी महिन्याचा हिशेब होतो. आणि वही भरताना बांधकामावरच्या मिस्त्रीला, रेजेला एवढे जरूर विचारावे : तुमची नोंदणी झाली का? झाली नसेल, तर अर्ज भरून देण्याचे काम शाखेने करावे. आपल्याला लिहिता येते, हिशेब येतो, कार्यालयाची वाट माहीत आहे. ही आपली शिदोरी त्यांच्या कामी आली पाहिजे.

बंधू-भगिनींनो, एके काळी किंमत निर्देशांक हाही साहेबांच्या टेबलावरचा कागद होता. आपल्या आधीच्या पिढीने तो खाली ओढून आणला, त्यातली गफलत दाखवली, त्यासाठी मोर्चे काढले, तेव्हा तो कामगाराचा आकडा झाला. घरांच्या पायांचा आकडाही तसाच आपला करायचा आहे. पुढल्या महिन्यात निर्देशांक किती आला हे जरूर विचारा. पण त्याच दमात दुसराही प्रश्न विचारा. किती घरांचे पाये खणले गेले, कोणासाठी, आणि खणणाऱ्याच्या हाती काय पडले?